अवकाशातील भंगार

पाठप्रवेश

रात्री आकाशाकडे पाहिले की चंद्र, ग्रह आणि तारे दिसतात. त्यांच्या सोबतीने माणसाने पाठवलेल्या हजारो वस्तूही आज पृथ्वीभोवती फिरत आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य निकामी आहेत. हा कचरा कसा साठला, तो आवरण्यासाठी कोणते उपाय सुचवले गेले आणि त्यातले काही पुन्हा उपयोगात आणता येईल का, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. वैज्ञानिक विषयावरील माहितीपर गद्य वाचून त्यातील मुद्दे वेगळे करण्याचा सरावही या पाठामुळे आपल्याला होईल.

मूळ पाठ

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस नुकताच मावळला होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भातील अनेक गावांतून लोकांना आकाशात आगीचे लोळ एका रांगेत सरकताना दिसले. अनेकांना तो उल्कापात वाटला. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, आठ-दहा फूट व्यासाचे धातूचे एक कडे मोकळ्या जागेत येऊन पडल्याचे आढळले. आसपासच्या परिसरात धातूचे गोलही सापडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. अवकाशातील वस्तूंच्या हालचाली टिपणाऱ्या जाणकारांनी वेळ आणि मार्ग पडताळून पाहिला. चीनने फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आपले काम काही तासांत उरकल्यानंतर ते धूड वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती निरुद्देश फिरत राहिले होते.

आज साठीच्या पुढे असलेल्या मंडळींना अशीच एक जुनी आठवण असेल. १९७९ साली ‘स्कायलॅब’ ही अमेरिकेची अवकाशातील प्रयोगशाळा कोसळणार, अशी बातमी आली आणि ती नेमकी कोठे पडणार हे कोणालाच सांगता येईना. भारतातही गावोगावी घबराट पसरली होती. अखेर ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स या गावाच्या परिसरात विखुरले. तेथील स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. दंड गमतीने केलेला असला, तरी त्यामागील प्रश्न गमतीचा नव्हता : आकाशात टाकलेल्या कचऱ्याची जबाबदारी कोणाची?

कचरा साठला कसा?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अवकाशातील कचऱ्याचा इतिहासही त्याच दिवशी सुरू झाला, कारण उपग्रहासोबत त्याला नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा भागही कक्षेत पोहोचला होता. हे दोन्ही काही महिन्यांतच खाली येऊन जळून गेले. पण मार्च १९५८मध्ये अमेरिकेने सोडलेला ‘व्हॅनगार्ड-१’ हा दीड किलोचा चिमुकला उपग्रह मात्र अजूनही वरच आहे. १९६४ साली त्याचा आवाज बंद झाला. तेव्हापासून तो मुक्याने फिरतो आहे.

एकाची गत लवकर संपते आणि दुसऱ्याची संपत नाही, याचे कारण उंचीत आहे. पृथ्वीचे वातावरण एखाद्या भिंतीसारखे एका जागी संपत नाही, ते विरळ होत जाते. तीनचारशे किलोमीटर उंचीवरही हवेचा इतका अंश असतो की, तिच्याशी घासून वस्तूचा वेग हळूहळू मंदावतो आणि ती काही महिन्यांत वा वर्षांत खाली येते. आठशे किलोमीटरवर हेच होण्यास शतके लागतात. हजार किलोमीटरच्या वर तर सहस्रके. दूरचित्रवाणीचे उपग्रह असतात त्या सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेतून वस्तू आपोआप खाली येण्याची आशाच नाही. तेथील वापरून झालेले उपग्रह आणखी तीनशे किलोमीटर वर ढकलून ठेवण्याची पद्धत आहे. त्या जागेला दफनकक्षा म्हणतात.

निकामी उपग्रह आणि अग्निबाणांचे रिकामे टप्पे हे या कचऱ्यातील मोठे नग. तुकड्यांची संख्या मात्र मुख्यतः स्फोटांमुळे आणि टकरींमुळे वाढली. २९ जून १९६१ रोजी एका अमेरिकन अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात उरलेल्या इंधनाचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे तुकडे उडाले. भारताच्याही वाट्याला असा प्रसंग आला. ऑक्टोबर २००१मध्ये यशस्वी उड्डाण केलेल्या ‘पीएसएलव्ही-सी३’च्या चौथ्या टप्प्याचा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कक्षेत स्फोट होऊन तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर टाकीत उरलेले इंधन व दाब काढून टाकून टप्पा शांत करण्याची व्यवस्था भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, आपल्या अग्निबाणांत केली.

काही वेळा कचरा जाणूनबुजून निर्माण केला गेला. जानेवारी २००७मध्ये चीनने आपलाच एक जुना हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. त्यातून मागोवा घेता येतील असे तीन हजारांवर तुकडे उडाले आणि त्यांपैकी पुष्कळ अजून तेथेच आहेत. भारताने मार्च २०१९मध्ये अशीच चाचणी घेतली, ती मुद्दाम तीनशे किलोमीटरपेक्षा कमी उंचीवर. तरीही काही तुकडे वर फेकले गेले आणि सगळे खाली येण्यास अपेक्षेपेक्षा अधिक काळ लागला. नोव्हेंबर २०२१मध्ये रशियाने आपला उपग्रह फोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीरांना आपापल्या यानांत आश्रय घ्यावा लागला. त्यांत रशियाचेही दोघे होते.

येथे वेगाचा विचार केल्याशिवाय धोक्याची कल्पना येणार नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेतील प्रत्येक वस्तू सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने धावते. मुंबई ते पुणे हे अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत संपवणारा हा वेग आहे. बंदुकीच्या गोळीचा वेग याच्या दहाव्या भागाएवढा असतो आणि वेग दहापट झाला की तेवढ्याच वजनाच्या वस्तूची आघातशक्ती शंभरपट होते. १९८३ साली ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला. तपासात आढळले की, तो रंगाच्या एका बारीक कपचीमुळे पडला होता.

युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५च्या अहवालानुसार जमिनीवरून नजर ठेवता येईल अशा सुमारे ४०,००० वस्तू कक्षेत आहेत आणि त्यांत चालू उपग्रह सुमारे ११,००० आहेत. एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या बारा लाखांहून अधिक असावी असा अंदाज आहे. हे लहान तुकडे दिसत नाहीत, म्हणून चुकवताही येत नाहीत.

डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले या नासाच्या दोन शास्त्रज्ञांनी १९७८ साली एक गणित मांडले होते. कक्षेतील वस्तूंची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांची टक्कर होईल. टकरीतून तुकडे उडतील आणि ते तुकडे आणखी टकरी घडवतील. मग नवा उपग्रह सोडला नाही तरी कचरा वाढतच राहील. एकतीस वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ रोजी, ‘इरिडियम-३३’ हा चालू अमेरिकन उपग्रह आणि ‘कॉसमॉस-२२५१’ हा निकामी रशियन उपग्रह सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ही पहिली टक्कर. तिच्यातून दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले.

पाठगत प्रश्न – १
(अ) ‘स्पुटनिक’ लवकर जळून गेला, ‘व्हॅनगार्ड-१’ मात्र अजून फिरत आहे. याचे कारण पाठाच्या आधारे लिहा.
(आ) केसलर आणि कूर-पाले यांनी मांडलेली शक्यता आपल्या शब्दांत सांगा.

झाडू कोठे मारायचा?

‘एक यान पाठवावे आणि सगळा कचरा गोळा करून आणावा,’ ही सूचना ऐकायला सोपी आहे. अडचण अशी की, कचरा एका ठिकाणी नाही आणि एका दिशेनेही फिरत नाही. कोणी विषुववृत्तावरून जातो, कोणी ध्रुवांवरून. अवकाशात वळणे अतिशय महाग असते. कक्षेचे प्रतल ६० अंशांनी बदलायचे, तर जेवढा वेग यानाला मुळात कक्षेत राहण्यासाठी लागतो तेवढाच बदल पुन्हा करावा लागतो. म्हणजे जवळजवळ नवे उड्डाणच. त्यामुळे दारोदार फिरून भंगार गोळा करणाऱ्या हातगाडीचे चित्र येथे लागू पडत नाही.

शिवाय निकामी वस्तू स्थिर नसते. ती कोलांट्या खात असते, तिला धरायला दांडा नसतो आणि चुकीचा धक्का लागला तर एकाचे शंभर तुकडे होतात. म्हणून पकडण्याच्या निरनिराळ्या युक्त्या पुढे आल्या. ‘रिमूव्हडेब्री’ या ब्रिटनमधील विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील प्रयोगात सप्टेंबर २०१८मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे फेकून एक लहानशी वस्तू धरण्यात आली. फेब्रुवारी २०१९मध्ये दोरी बांधलेला भाला मारून एका फळीचा वेध घेण्यात आला. दोन्ही लक्ष्ये प्रयोगासाठी बरोबरच नेलेली होती. त्याच यानावर हवेचा अडथळा वाढवून लवकर खाली आणणारे शीडही होते, पण ते उघडले नाही. २०२१मध्ये एका जपानी कंपनीने चुंबकाने वस्तू धरून दाखवली. मात्र त्यासाठी त्या वस्तूवर आधीच चकती बसवलेली असावी लागते. जुन्या भंगारावर ती कोठून असणार?

खऱ्या जुन्या भंगाराजवळ जाण्याचे काम त्याच कंपनीच्या ‘आद्रास-जे’ या यानाने केले. २००९पासून फिरत असलेल्या जपानी अग्निबाणाच्या अकरा मीटर लांबीच्या टप्प्यापासून ते २०२४च्या अखेरीस अवघ्या १५ मीटरवर जाऊन पोहोचले. त्याला स्पर्श करणे हे पुढील मोहिमेचे काम आहे. युरोपीय अवकाश संस्थेनेही ‘क्लिअरस्पेस-१’ या मोहिमेसाठी आपल्याच अग्निबाणाचा ११२ किलोचा एक सुटा भाग निवडला होता. २०२३मध्ये त्या भागालाच दुसऱ्या कचऱ्याचा फटका बसला आणि पुढे संस्थेला लक्ष्य बदलावे लागले. लेसरच्या झोताने लहान तुकड्यांना मागे रेटावे, अशीही कल्पना आहे. परंतु जो लेसर कचरा हलवू शकतो तो शेजारच्या देशाचा उपग्रहही हलवू शकतो. त्यामुळे तंत्राआधी विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

मालकीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू निकामी झाली तरी ती सोडणाऱ्या देशाचीच राहते. रस्त्यावर पडलेल्या डब्याप्रमाणे ती कोणालाही उचलता येत नाही. समुद्रात बुडणाऱ्या जहाजाचा माल वाचवणाऱ्याला मोबदला देण्याची प्रथा आहे, अवकाशात तशी नाही. १९७२च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई त्या देशाने द्यायची असते. १९७८मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. जमिनीवरच्या सफाईचे पैसे असे निदान अंशतः तरी मिळाले. कक्षेतल्या सफाईचे पैसे कोणी द्यायचे, हे अद्याप ठरलेले नाही.

जुन्याचा नवा उपयोग

एक किलो वजन कक्षेत नेण्यासाठी मोठा खर्च येतो. मग एवढ्या खर्चाने वर नेलेली वस्तू जाळून का टाकायची? हा प्रश्न जुना आहे. कोसळलेली स्कायलॅब ही स्वतःच अशा विचारातून जन्मली होती : चंद्रमोहिमांसाठी बनवलेल्या ‘सॅटर्न’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा सांगाडा घेऊन त्यात अंतराळवीरांचे घर उभारले होते. पुढे अमेरिकेच्या ‘शटल’ यानांची प्रचंड इंधनटाकी थोडासा जास्त जोर लावून कक्षेत न्यावी आणि तिच्यात स्थानक वसवावे, असे अनेक अभियंत्यांनी सुचवले. टाकी कक्षेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत असे. तरीही २०११ पर्यंतच्या १३५ उड्डाणांपैकी एकाही टाकीचा असा उपयोग झाला नाही. रिकाम्या टाकीला आधार देऊन वर टिकवण्याचा, तिच्यात वस्ती करण्यायोग्य सोयी बसवण्याचा खर्च कोणालाच पेलला नाही.

शटलने दुसरे एक काम मात्र करून दाखवले. फेब्रुवारी १९८४मध्ये सोडलेले ‘पालापा’ आणि ‘वेस्टार’ हे दोन उपग्रह मोटार बिघडल्यामुळे भलत्याच कक्षेत अडकले होते. विमा कंपन्यांनी भरपाई दिली आणि उपग्रहांची मालकी त्यांच्याकडे आली. नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’च्या अंतराळवीरांनी यानाबाहेर पडून दोन्ही उपग्रह धरले, यानात बांधले आणि पृथ्वीवर परत आणले. डेल गार्डनर या अंतराळवीराने त्या वेळी ‘विकणे आहे’ अशी पाटी हाती धरून छायाचित्र काढून घेतले. ही पाटी खरी ठरली. दुरुस्त होऊन दोन्ही उपग्रह विकले गेले आणि एप्रिल १९९०मध्ये पुन्हा अवकाशात गेले.

आता वस्तू खाली आणण्यापेक्षा वरच तिचे आयुष्य वाढवण्याकडे कल आहे. ‘इंटेलसॅट-९०१’ या २००१ सालच्या दळणवळण उपग्रहाचे इंधन संपत आले होते, यंत्रे मात्र ठणठणीत होती. फेब्रुवारी २०२०मध्ये ‘एमईव्ही-१’ हे सेवायान त्याला जाऊन चिकटले आणि पाच वर्षे त्याच्यासाठी जणू बैलासारखे जुंपून राहिले. २०२५मध्ये त्याने उपग्रहाला दफनकक्षेत सोडले आणि ते स्वतः दुसऱ्या कामासाठी मोकळे झाले.

कक्षेतच भट्टी उभारून जुन्या उपग्रहांचे ॲल्युमिनियम वितळवावे आणि त्यातून इंधन किंवा नवे सुटे भाग बनवावेत, ही कल्पना अधिक रम्य आहे, पण आज तरी कागदावरच आहे. चारशे टनांहून अधिक वजनाच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे काय करावे, हा विचार करताना नासाने ते सुटे करून परत आणणे, उंच कक्षेत नेऊन ठेवणे असे पर्याय तपासले आणि बाजूला सारले. ते पॅसिफिक महासागराच्या निर्जन भागात उतरवण्यासाठी लागणाऱ्या यानाचे कंत्राट २०२४मध्ये देण्यात आले.

पुनर्वापराचे सर्वांत साधे आणि म्हणूनच कदाचित सर्वांत पटणारे उदाहरण भारताचे आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रहांना सोडून दिल्यावर पूर्वी नुसता फिरत राही. जानेवारी २०१९मध्ये इस्रोने त्याचा प्रयोगांची बैठक म्हणून उपयोग करून पाहिला. पुढे त्याला सौरपट्ट्या आणि स्वतःला स्थिर ठेवणारी यंत्रणा मिळाली. जून २०२२च्या उड्डाणात या रचनेला ‘पोएम’ हे नाव मिळाले. स्वतंत्र उपग्रह बांधण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यांना आणि छोट्या उद्योगांना आपली उपकरणे त्यावर बसवून तपासता येऊ लागली. ३० डिसेंबर २०२४ रोजी निघालेल्या ‘पोएम-४’वर अशी २४ उपकरणे होती. त्यात पुढे सरकणारा एक यांत्रिक हात होता, कचरा पकडण्याचा सराव करणारा दुसरा हात होता आणि एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चौथ्या दिवशी ते अंकुरले आणि त्यांना पानेही फुटली. एका टाकाऊ अग्निबाणावर, शेकडो किलोमीटर उंचीवर! कामे उरकल्यावर हा टप्पा ४ एप्रिल २०२५ रोजी हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. त्याआधीच त्याला ३५० किलोमीटरच्या कक्षेत आणून ठेवल्यामुळे तो अवघ्या तीन महिन्यांत खाली आला.

ही शिस्त सगळ्या उपग्रहांना लावणे तितके सोपे नाही. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०११मध्ये सोडलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ सुमारे ८६७ किलोमीटर उंचीवर होता. तो आपोआप खाली येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला असता. काम संपले तेव्हा त्याच्या टाकीत सुमारे सव्वाशे किलो इंधन शिल्लक होते, म्हणून ७ मार्च २०२३ रोजी त्याला पॅसिफिक महासागरावर नियंत्रित रीतीने उतरवता आले. इंधन शिल्लक नसते, तर काहीच करता आले नसते. २०३०पर्यंत भारतातील सर्व शासकीय आणि खाजगी मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोने २०२४मध्ये जाहीर केला आहे. त्यासाठी प्रत्येक उपग्रहाने परतीचे इंधन पहिल्या दिवसापासून राखून ठेवायचे आहे. हेच इंधन वापरले तर चालू उपग्रह आणखी काही महिने चक्रीवादळांची सूचना किंवा पिकांची छायाचित्रे पाठवू शकला असता, आणि तो सोडायचा निर्णय उपग्रह ठणठणीत असतानाच घ्यावा लागतो.

पाठगत प्रश्न – २
(अ) अवकाशातील निकामी वस्तू दुसऱ्या देशाला परस्पर का उचलता येत नाही?
(आ) ‘पोएम’मुळे कोणाकोणाची सोय झाली?

शब्दार्थ
धूड – अवजड, अजस्र वस्तू. निरुद्देश – कोणताही हेतू नसलेला. सहस्रक – हजार वर्षांचा काळ. दफनकक्षा – निकामी उपग्रह ठेवण्याची कक्षा. मागोवा घेणे – माग काढणे. प्रतल – सपाट पातळी. ऐपत – आर्थिक कुवत.

स्वाध्याय
१. ‘झाडू कोठे मारायचा?’ या भागातील तांत्रिक अडचणी आणि कायद्याच्या अडचणी वेगवेगळ्या करून लिहा.
२. ‘विकणे आहे’ ही पाटी खरी ठरली, असे पाठात का म्हटले आहे?
३. पुढील शब्दांची फोड करून अर्थ सांगा : आघातशक्ती, पुनर्वापर, निकामी.
४. ‘त्याचा आवाज बंद झाला. तेव्हापासून तो मुक्याने फिरतो आहे.’ या वाक्यांत निर्जीव वस्तूविषयी कोणत्या प्रकारची भाषा वापरली आहे? पाठातून असे आणखी एक उदाहरण शोधा.
५. आपल्या गावातील किंवा वस्तीतील भंगार गोळा करणाऱ्या व्यक्तीशी बोला. कोणती वस्तू ती घेते, कोणती नाकारते आणि का, याविषयी दहा ओळी लिहा.